शिळी बिअर आणि मुरलेली बिअर

फ्रिजच्या तळाशी किंवा माळ्यावरच्या खोक्यात दोन-तीन वर्षे विसरलेली बिअरची बाटली सापडली की घरात दोन मते पडतात. एकाच्या मते मुदत उलटली म्हणजे ती ओतून द्यावी. दुसऱ्याच्या मते दारू जितकी जुनी तितकी चांगली. पहिल्याचा निर्णय बहुतेक वेळा बरोबर असतो, पण त्यामागचे कारण चुकीचे असते. दुसऱ्याचे म्हणणे मात्र बिअरच्या अगदी मोजक्या प्रकारांनाच लागू पडते. लोणचे मुरते आणि कोशिंबीर शिळी होते. दोन्ही तितकेच दिवस बरणीत ठेवले तरी हा फरक राहतो, कारण तो दिवसांचा नसून आतल्या जिनसांचा असतो.

आधी भीतीचा मुद्दा बाजूला करू. बिअरच्या लेबलावरची मुदत चवीविषयी असते. अल्कोहोल, सुमारे ४ ते ४.५ इतका आम्ल सामू, हॉपच्या फुलांतील कडू द्रव्ये आणि ऑक्सिजनचा जवळपास अभाव यांमुळे बंद बाटलीत रोगकारक जिवाणूंना वाढायला वाव मिळत नाही. त्यामुळे झाकण शाबूत असेल, तर जुनी बिअर बेचव लागेल, पण केवळ जुनी म्हणून अपायकारक ठरणार नाही. बिनअल्कोहोलच्या बिअरला मात्र हा दिलासा देता येत नाही.

बिअर शिळी होते ती मुख्यतः ऑक्सिजनमुळे. बाटली भरताना कितीही काळजी घेतली तरी थोडा ऑक्सिजन आत राहतो आणि पुढे झाकणाच्या कडेतूनही अगदी सावकाश शिरत असतो. त्यातून हॉपचा ताजा गंध आधी जातो, मग चवीला ओल्या पुठ्ठ्याची छटा येते. या छटेशी जोडले जाणारे ट्रान्स-२-नोनेनल हे संयुग अब्जांशांत मोजावे इतके कमी असले तरी जिभेला कळते. तापमान दहा अंशांनी वाढले की हे बदल साधारण दुप्पट ते तिप्पट वेगाने होतात. म्हणूनच नागपूरच्या मे महिन्यात माळ्यावर राहिलेली बाटली आणि तितकाच काळ फ्रिजमध्ये राहिलेली बाटली यांचे वय कागदावरच सारखे असते. थंड केलेली बिअर बाहेर काढून पुन्हा थंड केली की बिघडते, हा समज मात्र निराधार आहे. बिअर किती काळ उष्णतेत राहिली, एवढेच पाहायचे. उन्हामुळे येणारा उग्र, कुबट वास हा आणखी वेगळा दोष. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत तो काही मिनिटांतही येतो, आणि कालच तयार झालेली बिअरही त्यातून सुटत नाही.

मुरणाऱ्या बिअरमध्येही हाच ऑक्सिजन काम करतो, पण त्याच्यापुढे वेगळे साहित्य असते. बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउट या जड बिअरच्या प्रकारांत अल्कोहोल बहुधा ९ ते १२ टक्के असते आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, ऐवज भरपूर असतो. त्यामुळे सावकाश होणाऱ्या बदलांतून मनुका, खारीक, जुना गूळ यांची आठवण करून देणाऱ्या चवी तयार होतात आणि कोवळ्या बिअरमधला अल्कोहोलचा झणका मवाळ होतो. दुसरा आधार जिवंत यीस्टचा. बेल्जियममधील ओर्वाल मठाच्या बिअरमध्ये ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट बाटलीतही काम करत राहते आणि महिन्यागणिक चव बदलते. या यीस्टची ओळख डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरच्या अभ्यासातून जाहीर केली. त्याच्या नावातील ‘ब्रेट’ म्हणजे ब्रिटिश, तो त्यामुळेच. गंमत अशी की अठराव्या शतकातील लंडनमध्ये ‘स्टेल’, म्हणजे आजच्या अर्थाने शिळी, हा शब्द मुरलेल्या बिअरसाठी वापरला जाई आणि ती ताज्या बिअरपेक्षा महाग मिळे.

मुंबईचाही या कथेशी संबंध आहे. लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या ब्रुअरीची भरपूर हॉप घातलेली ‘ऑक्टोबर’ बिअर आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिन्यांनी मुंबईसह हिंदुस्थानच्या बंदरांत पोहोचे. एरवी तळघरात वर्ष-दोन वर्षे मुरवावी लागणारी ती बिअर जहाजाच्या उष्ण तळातच तयार होऊन येई. तिचीच वंशज म्हणवणारी आजची आयपीए (इंडिया पेल एल) मात्र हॉपच्या ताज्या गंधासाठी प्यायची असते, त्यामुळे ती विसरणे हा तोटाच.

अर्थात मुरण्यालाही हद्द आहे. इंग्लंडमधील बर्टन-ऑन-ट्रेंटच्या तळघरात २००६ मध्ये १८६९ सालच्या रॅटक्लिफ एल या बिअरच्या बाटल्या मिळाल्या, आणि त्या चाखण्याजोग्या निघाल्या. उलट फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळच्या १८४० च्या दशकातील जहाजाच्या अवशेषांत २०१० मध्ये सापडलेल्या बिअरमध्ये जिवाणूंनी आंबटपणा आणि बकरीसारखा वास आणला होता, शिवाय समुद्राचे पाणीही शिरले होते.

आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बिअरबाबत मात्र गल्लत होते. तिच्यात अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असले तरी ती बहुधा गाळलेली, पाश्चराइज केलेली फिकट लागर असते. तिच्यात ना जिवंत यीस्ट, ना गडद माल्ट. ‘लागर’ या जर्मन शब्दाचा अर्थ साठवण असा असला, तरी ती साठवण ब्रुअरीतच संपलेली असते. तेव्हा सापडलेली बाटली अशी असेल, तर एक घोट घेऊन पाहावा आणि पुठ्ठा जाणवला तर मन घट्ट करावे. तळाशी यीस्टचा थर असलेली, गडद आणि जड बिअर असेल, तर ती उभी ठेवून मध्यम गार करावी, दाब वाढलेला असू शकतो म्हणून बेसिनवर उघडावी आणि गाळ न हलवता ग्लासात ओतावी. शिळ्या लागरचा उपयोग पावसाळ्यात कुंड्यांजवळ होतो: वाटीत ओतून मातीत बसवली की गोगलगायी तिच्याकडे जातात, आणि त्यांना पुठ्ठ्याची चव अडवत नाही.