विमानात जिन्यातलं लाल नळकांडं नको

छोट्या विमानात कोणतं अग्निशामक ठेवावं, असं विचारलं की बहुतेक जण सोसायटीच्या जिन्यात टांगलेल्या एबीसी पावडरच्या सिलिंडरकडे बोट दाखवतात. स्वस्त आहे, आगही विझते. पण सेस्ना १७२ च्या चार आसनांच्या कॅबिनमध्ये ती पावडर उडाली, तर वैमानिकाला समोरचं काहीच दिसणार नाही. शिवाय त्यातलं मोनोअमोनियम फॉस्फेट फटीफटींत शिरतं आणि ओल लागली की ॲल्युमिनियम खातं.

कार्बन डायऑक्साइड मागे कचरा ठेवत नाही. पण आग विझवायला तो हवेत तीसेक टक्के भरावा लागतो, आणि त्याच हवेत माणसं बसलेली असतात.

हॅलॉन १२११ या ब्रोमीन असलेल्या अग्निशामक वायूचं काम पाचेक टक्क्यांत होतं. कसं? शाळेत शिकलेला आगीचा त्रिकोण (इंधन, ऑक्सिजन, उष्णता) इथे अपुरा पडतो. ज्वाला ही साखळी अभिक्रिया आहे. हायड्रोजनचा सुटा अणू (एच) ऑक्सिजनच्या रेणूवर आदळला की ओएच आणि ओ असे दोन आगलावे तुकडे होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. ज्वालेच्या उष्णतेने हॅलॉनमधला ब्रोमीन सुटतो आणि एच पकडून एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) बनतो. या एचबीआरला दुसरा एच भेटला तर एच२ तयार होतो, ओएच भेटला तर पाणी. दोन्ही वेळा ब्रोमीन मोकळा, पुढचा एच पकडायला तयार! म्हणून थोडक्यात भागतं.

नेमका हाच गुण ओझोनच्या मुळावर आला. उंचावर पोचलेला ब्रोमीनही असाच न संपता ओझोन फोडत राहतो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांत १९९४ पासून आणि विकसनशील देशांत २०१० पासून हॅलॉनचं उत्पादन थांबलं. विमानांसाठी जुनाच साठा शुद्ध करून फिरवतात. नवा पर्याय २-बीटीपी. ब्रोमीन त्यातही आहे, पण दुहेरी बंधामुळे त्याचा रेणू खालच्या हवेतच काही दिवसांत मोडतो. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘सर्व आगींवर एकच इको स्प्रे’वर मात्र विमानासाठीची मान्यता शोधून पाहा.

सिलिंडरचा आकार कॅबिनच्या घनफळाला जुळणारा हवा, कारण जास्त वायू माणसांनाही बाधतो. ज्वालेत तुटलेल्या हॅलॉनमधून झोंबणारी आम्लं निघतात, म्हणून आग विझताच हवा खेळती करायची. टॅबलेटची लिथियम बॅटरी पेटली असेल, तर हॅलॉनने ज्वाला विझते, आतली उष्णता नाही. शेजारचे सेल पेटू नयेत म्हणून त्यावर भरपूर पाणी ओतायचं.