मिश्रधातू ओळखणारी दोन हातयंत्रे: एक थेंबाचे, दुसरे क्ष-किरणांचे

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौका शाकारल्या की आमच्या वर्कशॉपमध्ये शाफ्ट, पंखे, नटबोल्ट आणि नळ्या येऊ लागतात, आणि स्टीलच्या प्रत्येक वस्तूबरोबर नाखवांचा एक प्रश्न ठरलेला असतो: हे ३०४ आहे की ३१६? स्टेनलेस स्टीलच्या या दोन्ही जाती दिसायला सारख्या असतात. चुंबक दोन्हींना सहसा धरत नाही, आणि स्वस्तातले २०२ सुद्धा चुंबकाला तशीच हुलकावणी देते. खरा फरक घटकांत आहे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये निकेल थोडे अधिक आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, आणि समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड स्टीलला सुईने टोचल्यासारखी छिद्रे पाडू लागते तेव्हा हे मॉलिब्डेनमच त्याला बराच काळ थोपवून धरते.

‘मशीन लावून बघा’ असे हल्ली सर्रास म्हटले जाते; पण मशीन या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी हातयंत्रे येतात. एक विद्युत-रासायनिक, म्हणजे धातूवर द्रावाचा थेंब किंवा जेल ठेवून काम करणारे, काही हजारांत मिळणारे. दुसरे क्ष-किरणांचे, ड्रिल मशीनसारखे हातात धरायचे, लाखांत जाणारे. दोन्हींच्या पडद्यावर धातूचे नाव उमटू शकते, म्हणून दोन्ही एकच काम करतात असा समज होतो, आणि तो समज महागात पडतो.

थेंबाचे यंत्र जे करते ते आपल्या खाडीत रोज चाललेले असते. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडले की त्यांच्यात विजेचा दाब (व्होल्टेज) तयार होतो आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. नौकेच्या तळाला जस्ताच्या वड्या ठोकतात त्या एवढ्याचसाठी, की झिजायचे ते जस्ताने झिजावे आणि पंखा वाचावा. यंत्रात समुद्राच्या जागी द्रावाचा थेंब असतो, आणि दुसऱ्या धातूच्या जागी यंत्राचे स्वतःचे अग्र. काही यंत्रे त्या थेंबातून ठरावीक वेळ सौम्य प्रवाह सोडतात, मग धातूवर उरलेला दाब किती आहे आणि तो कसा उतरतो हे मोजतात, आणि तो आकडा साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतात. पितळ आणि सोने यांचे दाब एकमेकांपासून पुष्कळ दूर असल्यामुळे तिथे ही पद्धत चांगली चालते. परंतु ३०४ आणि ३१६ या दोघांवरही क्रोमियमच्या ऑक्साइडचा तोच पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे दोघांचे दाब जवळजवळ सारखे येतात, आणि नुसता दाब मोजणारे यंत्र इथे निर्णय देऊ शकत नाही.

या जोडीसाठी त्याच घराण्यातले दुसरे, अधिक साधे साधन आहे: ९ व्होल्टची बॅटरी, दोन तारा आणि मॉलिब्डेनमला रंग देणारा द्राव. बोल्टचे डोके आधी गोड्या पाण्याने धुवायचे, कोरडे करायचे आणि नव्या पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा उजळायची. नवा पेपर अशासाठी, की लोखंडावर वापरलेला पेपर लोखंडाचे कण तिथे रुतवून ठेवतो आणि रंग बिघडतो. धन तार बोल्टला लावायची, थेंब ठेवायचा आणि ऋण टोक थेंबात काही सेकंद बुडवायचे. थेंबात बारीक बुडबुडे उठतात, धातूचा अत्यल्प अंश विरघळतो, आणि मॉलिब्डेनम असेल तर थेंबाला संचासोबतच्या तक्त्यात दाखवलेला रंग चढतो. त्यानंतर जागा लगेच पुसून धुवायची, कारण डाग राहतो. आपल्याकडच्या हवेत हाताला सतत मीठ आणि घाम असतो, म्हणून उजळलेल्या जागेला बोटही लावू नये असे मी कामगारांना बजावून सांगतो.

क्ष-किरणांच्या यंत्राला द्राव लागत नाही. त्यातून निघालेले किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात, बाहेरचा इलेक्ट्रॉन ती जागा भरतो, आणि त्या वेळी निघणाऱ्या किरणाची ऊर्जा त्या मूलद्रव्याची ठरलेली असते. म्हणून इथे उत्तर टक्क्यांत मिळते: क्रोमियम इतके, निकेल इतके, मॉलिब्डेनम इतके, आणि तेही काही सेकंदांत. मात्र कार्बनसारखे हलके मूलद्रव्य त्याला दिसत नाही, त्यामुळे ३१६ आणि कमी कार्बनचे ३१६ एल यांतला फरक त्याला सांगता येत नाही, जो वेल्डिंगच्या कामात फार महत्त्वाचा असतो. किरणांमुळे ते वापरण्याला नियम आहेत, आणि तुकडा हातात धरून तपासणे धोक्याचे आहे.

दोन्ही यंत्रे पृष्ठभागच पाहतात. थेंब अगदी वरचा थर वाचतो, किरण त्याहून थोडे खोल जातात, पण तेही मिलिमीटरच्या लहानशा अंशापर्यंतच. मुलामा दिलेली वस्तू दोन्हींना फसवू शकते. जुन्या पितळी व्हॉल्व्हमधले जस्त खाऱ्या पाण्याने ओढून नेलेले असले की वर गुलाबीसर, सच्छिद्र तांबे उरते, आणि न घासता किरण मारले तर आत पितळ असूनही तांब्याचा आकडा फुगलेला येतो.

मला हा भेद एका नौकेवर शिकावा लागला. पुरवठादाराने ३१६ म्हणून दिलेल्या बोल्टवर मी दाब मोजणारे यंत्र लावले, ‘स्टेनलेस’ असे उत्तर आले, आणि मी ते ३१६ समजून बसवले. पुढच्या बंदीत नौका वर घेतली तेव्हा बोल्टच्या डोक्याखाली वॉशरच्या कडेने तपकिरी ओघळ उतरले होते, आणि डोके सोडवल्यावर आत मोहरीएवढे खड्डे दिसले. नंतर थेंबाला मॉलिब्डेनमचा रंग आला नाही. यंत्राने चुकीचे काहीच सांगितले नव्हते. मी त्याला जो प्रश्न विचारला होता तो त्याच्या आवाक्यातला नव्हता. त्या नाखवांचे झालेले नुकसान मी भरून दिले, पण त्यांच्या हंगामातले वाया गेलेले दिवस मला परत देता आले नाहीत.

सराफांकडेही हाच गोंधळ असतो. जेलचा पेन लावणारे छोटे यंत्र आणि ‘कॅरेट मीटर’ म्हणून ओळखले जाणारे क्ष-किरण यंत्र यांना गिऱ्हाईक एकच समजते, तरी पहिले अंदाज देते आणि दुसरे २२ कॅरेटच्या सोन्याला ९१६ च्या आसपासचा आकडा दाखवते.

आता आमच्याकडे ढीग वेगळे करायला थेंब वापरतो. शाफ्टसारखी वस्तू, जी भर समुद्रात तुटली तर माणसांच्या जिवावर बेतेल, ती क्ष-किरणांकडे पाठवतो आणि सोबत स्टील तयार करणाऱ्या कारखान्याचे, हीट नंबर (त्या ओतीचा क्रमांक) असलेले प्रमाणपत्र मागतो. थेंबाच्या संचात ३०४ आणि ३१६ चे खात्रीचे दोन तुकडे पंचने आकडे उमटवून ठेवले आहेत. कोणत्याही अनोळखी बोल्टवर थेंब ठेवण्याआधी त्या दोघांवर ठेवायचा, आणि तिन्ही थेंबांचे रंग उजेडात शेजारी शेजारी पाहायचे.