फॅलेनॉप्सिसची मूळकूज

फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या मुळांना पुरेशी हवा न मिळाल्याने आणि त्यामुळे दुबळ्या झालेल्या मुळांवर सूक्ष्मजीवांनी ताबा मिळवल्याने होणारा ऱ्हास. घरात वाढवल्या जाणाऱ्या ऑर्किडांमध्ये ही प्रजाती सर्वांत प्रचलित आहे. कार्ल लुडविग ब्लूमे यांनी १८२५ मध्ये तिला दिलेल्या नावाचा अर्थ ‘पतंग या कीटकासारखी दिसणारी’ असा आहे. उष्णकटिबंधीय आशियापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आढळणाऱ्या तिच्या बहुतेक जाती अपिवनस्पती आहेत, म्हणजे त्या झाडांच्या सालीला धरून वाढतात आणि त्यांची मुळे पावसात भिजून थोड्याच वेळात वाऱ्यावर सुकतात. कुंडीतल्या मुळांचे बहुतेक दुखणे या एका गोष्टीचा विसर पडल्याने सुरू होते.

मुळाच्या मध्यभागी तंतूसारखा चिवट रंभ (पाणी वाहून नेणारा गाभा) असतो, त्याभोवती जिवंत पेशींचा थर आणि सर्वांत बाहेर व्हेलामेन नावाचे मृत, पोकळ पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना या पेशींत हवा असल्याने मूळ रुपेरी दिसते. पाणी शोषले की आवरण पारदर्शक होऊन आतले हरितद्रव्य दिसू लागते व मूळ हिरवे होते. म्हणून पारदर्शक कुंडी ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. पाणी केव्हा द्यायचे, हे तिच्यातून दिसणाऱ्या मुळांच्या रंगावरून कळते.

पाणी जास्त झाल्याने मूळ कुजते असे सरसकट म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. निव्वळ पाण्यात वाढवलेली फॅलेनॉप्सिसही जगू शकते. खरा प्रश्न हवेचा असतो. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो साचलेल्या पाण्यातून पसरतो, त्यामुळे सतत ओल्या, दाट माध्यमात (कुंडीतल्या भरणात) मुळांच्या पेशी गुदमरतात. कुंडीत भरलेले झाडाच्या सालीचे तुकडे साधारण दीड-दोन वर्षांत कुजून बारीक होतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या बुजतात. पूर्वीइतकेच पाणी घालूनही जुने झाड अचानक ढासळते ते यामुळे. खतांतील क्षार साचल्यास मुळांची टोके काळी पडतात, ही वेगळी इजा असली तरी पुढे कुजीला वाट करून देते.

निदानात सर्वांत फसवे लक्षण पानांचे आहे. पाने मऊ पडून सुरकुततात ती पाण्यावाचून, आणि मुळे कुजल्यावरही तसेच होते, कारण मूळच नसेल तर भोवती पाणी असूनही ते वर चढत नाही. अशा वेळी आणखी पाणी घालणे ही बहुधा शेवटची चूक ठरते. म्हणून झाड कुंडीतून काढून, मुळे धुऊन, ती बोटांनी चाचपावीत. टणक मूळ जिवंत असते, मग त्याचा रंग कोणताही असो. अंधारात वाढलेली मुळे पिवळसर किंवा तपकिरी दिसतात आणि केवळ रंग पाहून अनेक निरोगी मुळे छाटली जातात. कुजलेले मूळ दाबल्यावर पोकळ किंवा बुळबुळीत लागते, ओढल्यास आवरण निसटून हाती नुसता रंभाचा दोरा उरतो. टोक मेलेले पण उरलेला भाग टणक असलेले मूळ ठेवावे, कारण त्याला फाटे फुटू शकतात.

मेलेला भाग निरोगी भागापर्यंत कापून काढतात. पाते ज्योतीवर तापवून घेणे उत्तम. अल्कोहोलने पुसल्याने ऑर्किडांतील विषाणू नष्ट होतीलच असे नाही. बुरशीनाशकाबाबत सावध असावे. पिथियम आणि फायटोफ्थोरा हे नेहमीचे अपराधी बुरशीसारखे दिसणारे सूक्ष्मजीव असून खऱ्या बुरशा नसल्याने कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी मेटालॅक्सिल वर्गातील औषध लागते. घरगुती उपायांपैकी दालचिनीची पूड जखमेवर चालते, मात्र सगळ्या मुळांना चोळल्यास ती त्यांना सुकवते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस समाधान देत असला तरी तो जिवंत पेशींनाही जाळतो. जखमा एखादा दिवस सुकू देऊन उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल अशा कुंडीत, ताज्या जाड सालीत झाड लावावे. मोठी कुंडी हवीहवीशी वाटते, पण तिच्या मध्यभागी ओल टिकून राहते.

एकही मूळ उरले नसेल, तर फुलांचा दांडा कापून झाड ओलसर स्फॅग्नम शेवाळाच्या वर, त्यात न बुडवता, सुमारे २५ अंश सेल्सियस तापमानात, दमट पण हवेशीर जागी आणि मंद प्रकाशात ठेवतात. पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात, पाणी साचू देऊ नये. तिथली कूज खोडाच्या शेंड्यापर्यंत पोचली की वाढ थांबते. नवी मुळे खोडाच्या बुंध्याकडून, पानांच्या बगलेतून फुटतात आणि त्याला काही महिने लागू शकतात. तोवर खत देऊ नये. आधीपासून हवेत वाढलेली जुनी मुळे या काळात माध्यमात दडपू नयेत, कारण तिथल्या ओलीला ती सरावलेली नसतात आणि बऱ्याचदा कुजतात.