आधुनिक वास्तू आणि जुनी कॉमिक्स बघण्याचा छंद (नवी मुंबई)

विसाव्या शतकातल्या इमारती आणि त्याच काळातल्या छापील चित्रकथा, दोन्ही एकाच नजरेने बघायच्या, म्हणजे रेषा कशी आहे, चौकट कशी पाडलीय आणि मुख्य म्हणजे मोकळी जागा कुठे सोडलीय हे बघायचं, असा हा छंद. नवी मुंबईत तो चांगला जमतो कारण हे शहर आधी कागदावर काढलं गेलं आणि मग बांधलं गेलं, आणि इंद्रजाल नि अमर चित्र कथा वाचत मोठी झालेली पिढी सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, घरांमध्ये राहायला आली तेव्हा अंकांचे गठ्ठेही बरोबर आले, आता घरं रिकामी होतात किंवा रिडेव्हलपमेंटला जातात तेव्हा तेच गठ्ठे रद्दीवाल्याकडे पोचतात.

खाडीपलीकडे नवं शहर वसवा ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया सुरुवातीची काही वर्षं तिचे चीफ आर्किटेक्ट होते. बाकी इतिहास सगळीकडे मिळतो.

आर्टिस्ट व्हिलेज

कुठून सुरुवात करायची असं कोणी विचारलं तर उत्तर एकच, सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. कोरियांनी १९८० च्या दशकात हे डिझाइन केलं, जेमतेम सहा हेक्टरमध्ये साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, आणि तरीही लिफ्ट नाही, टॉवर नाही, सगळी बैठी नाहीतर एकमजली घरं. रचना अशी की सात घरं एका अंगणाभोवती, अंगण साधारण ८ मीटर बाय ८ मीटर, मग असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि त्यांच्यामध्ये साधारण १२ बाय १२ चं मोठं अंगण, आणि पुढे याच पद्धतीने वाढत जायचं. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि जरा बरं कमावणारा यांच्या जागेत फार तफावत नको हा त्यामागचा हट्ट होता, आणि तो नुसता बोलायचा नव्हता, नकाशात उतरवलेला होता.

यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट पटकन दिसत नाही. प्रत्येक घर सुटं आहे, शेजाऱ्याबरोबर कॉमन भिंत नाही. दोन घरांच्या मधल्या त्या फटीत उभं राहून बघितलं की कळतं, भिंत आपली एकट्याची असल्यामुळे वर खोली चढवायची असेल, मागे मोरी वाढवायची असेल तर शेजाऱ्याची परवानगी मागत बसायला नको. कोरियांनी मुद्दामच घर राहणाऱ्याने पुरं करायचं असं ठेवलं होतं. लोकांनी ते मनापासून केलं, बरीच मूळ उतरत्या कौलारू छपरांची पांढरी घरं पाडून आता तिथे टाइल्स लावलेले दोन-तीन मजली बंगले आहेत. आर्किटेक्चरचे स्टुडंट येतात आणि मूळ घरं शिल्लक नाहीत म्हणून हळहळतात, पण अंगणं बघा ना, घरं बदलली तरी बरीचशी अंगणं जागेवर आहेत, आणि डिझाइनचा खरा जीव तिथेच आहे.

याच नजरेने मग नेरूळला आर्किटेक्ट राज रेवाल यांनी सिडकोसाठी केलेली वसाहत बघावी, एकावर एक रचलेल्या गच्च्या आणि मधले छोटे चौक. मुंबईत गेलात तर पेडर रोडवरची कांचनजंगा, १९८३ मध्ये पूर्ण झालेला कोरियांचाच २८ मजली टॉवर, कोपरे कापून काढलेत आणि तिथे दोन मजले उंचीच्या गच्च्या दिल्यात.

कॉमिक्सची पानं

आता कॉमिक्सकडे. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने सुरू केली आणि १९९० मध्ये बंद झाली, मराठीतही निघायची. त्यातला मुखवटेवाला नायक वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मूळचा ली फॉक यांचा, १९३६ चा अमेरिकन, पण इथे तो घरचाच झाला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. अमर चित्र कथा अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केली आणि तिच्यात राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही आपली मराठी माणसं राबली. मुळीकांनी पुढे हिंदीतल्या राज कॉमिक्सचा सुपरहिरो नागराजही काढला.

अंक हातात आला की गोष्ट वाचायच्या आधी पान लांब धरून नुसत्या चौकटी बघाव्यात. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत काहीच छापलेलं नसतं, पण एका चौकटीत वेताळाची मूठ आवळलेली आणि पुढच्या चौकटीत गुंड जमिनीवर, म्हणजे ठोसा त्या पट्टीतच बसला आणि तो आपणच मारला. बेलापूरच्या दोन घरांमधली फट आणि ही पट्टी एकच काम करतात, काम करणाऱ्याने थोडं थांबून उरलेलं समोरच्यावर सोडलंय. हा छंद दोन वेगळ्या कपाटांत ठेवू नये तो याचसाठी.

मग भिंग घ्यावं. वेताळाच्या चेहऱ्याचा रंग म्हणजे सपाट पिवळ्यावर पेरलेले लाल ठिपके, बस. चारच शाया असायच्या, निळी, गुलाबी-लाल, पिवळी आणि काळी, आणि छपाईची प्लेट जराशी सरकली की ओठांचा लाल रंग गालावर जाऊन बसायचा. नव्या डिजिटल आवृत्तीत हे सगळं साफ करतात, तिथे चित्र गुळगुळीत होतं आणि मजा जाते असं माझं स्पष्ट मत आहे.

या दोन कलांची गाठ जगात इतरत्रही पडलीय. लंडनच्या आर्किग्राम या तरुण आर्किटेक्टांच्या गटाने १९६४ मध्ये आपल्या पत्रिकेचा चौथा अंक चक्क कॉमिकसारखा काढला. डच कॉमिक चित्रकार योस्त स्वार्टे यांनी एर्जेच्या टिनटिनमधल्या स्वच्छ एकसारख्या रेषेला १९७७ मध्ये 'क्लिअर लाइन' अशा अर्थाचं नाव दिलं आणि पुढे हार्लेम शहरात स्वतः एक थिएटर डिझाइन केलं. आणि आपल्या शेजारी पणजीला कोरियांच्या कला अकादमीत, थिएटरच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी बाल्कन्या आणि त्यात बसलेले प्रेक्षक रंगवले, नाटक सुरू व्हायच्या आधीच हॉल भरलेला वाटावा असे.

सांभाळणं

खाडीची हवा दोघांनाही मारते आणि कारण एकच, लोखंड. काँक्रीटमधली सळई गंजली की फुगते आणि वरचा थर फोडून बाहेर येते, कॉमिकची पिन गंजली की मधल्या पानावर तपकिरी डाग पडतो आणि कागद तिथेच फाटतो. त्यामुळे गंजकी पिन सावकाश उघडून काढावी आणि पानं सुटीच ठेवावीत, सेलोटेप कधीही लावू नये, तिचा डिंक काही वर्षांनी पिवळा पडतो नि निघत नाही. कागद स्वस्त न्यूजप्रिंटचा असतो, उन्हात ठेवला की आणखी पिवळा पडणार, म्हणून अंधाऱ्या कपाटात, आडवे, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावेत आणि पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून कसर लागलीय का बघावं. लॅमिनेशन तर अजिबात नको. आर्टिस्ट व्हिलेजला जाणाऱ्यांनी अंगणात शिरण्याआधी तिथल्या लोकांना विचारावं, ते अंगण सात घरांचं आहे, बहुतेक वेळा हो म्हणतात आणि कधीकधी जुन्या घराचे फोटोही आणून दाखवतात.