सफारी निवास : मसाई मारा व परिसरातील तंबू आणि लॉज

वन्यजीव पाहायला आफ्रिकेत आलेल्या पाहुण्यांची जंगलातच राहण्या-जेवण्याची आणि फिरण्याची सोय करणाऱ्या छोट्या वसतिस्थानांना सफारी निवास म्हणता येईल. पक्क्या बांधणीचे लॉज आणि कापडी तंबूंचे कॅम्प हे त्यांचे दोन मुख्य प्रकार. केनियातील मसाई मारा आणि त्याला लागून असलेले टांझानियातील सेरेंगेटी ही या निवासांची सर्वांत ओळखीची भूमी असून ही नोंद प्रामुख्याने तिच्याविषयी आहे. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द मूळ अरबी; आपला ‘सफर’ त्याचाच भाऊबंद. तंबूला स्वाहिलीत ‘हेमा’ म्हणतात, तो आपल्या ‘खेम्या’च्या नात्यातला. आणि ज्या मोटारीतून सिंह पाहायचे ती ‘गारी’ म्हणजे तर सरळसरळ आपली गाडीच.

निवास ठरवताना बहुतेक जण आधी तंबूचे फोटो पाहतात : पलंग केवढा, टब कसा, सज्जातून काय दिसते. तंबू खरे तर सर्वांत शेवटी पाहायचा असतो. तो ज्या जमिनीवर उभा आहे तिचे नियम काय, आपण जाणार तो महिना कोणता आणि गाडी चालवणारा माणूस किती जाणता, यांवर सफर बरी होणार की वाईट, हे ठरते. श्रीमंती थाट यांतल्या कशाचीच उणीव भरून काढत नाही.

तंबूंची परंपरा शिकारी छावण्यांतून आली. 1909 साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर शेकडो हमालांचा तांडा होता. तंबू, सामानसुमान, इतकेच काय, वाचायच्या पुस्तकांची पेटीसुद्धा माणसाच्या डोक्यावरून जाई. आजच्या महागड्या कॅम्पांतील पितळी कंदील, घडीची मेजे आणि चामडी पेट्या ही त्याच काळाची नक्कल आहे. ओझी वाहणाऱ्यांची आठवण मात्र त्या सजावटीत सहसा सापडत नाही. पक्क्या निवासांत ‘ट्रीटॉप्स’चे नाव मोठे. 1932 साली केनियातील अॅबरडेअरच्या जंगलात ते झाडावर बांधले गेले. फेब्रुवारी 1952 मध्ये राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला असताना वडिलांच्या निधनाने राणी झाली. त्या रात्री तिथे जिम कॉर्बेटही होते. कुमाऊंच्या नरभक्षक वाघांमुळे आपल्याला ठाऊक असलेले कॉर्बेट अखेरच्या काळात जवळच्याच न्येरी गावी राहत आणि त्यांची कबरही तिथेच आहे. 1954 साली ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ लढ्याच्या काळात ट्रीटॉप्स जाळले गेले व पुढे नव्याने उभे राहिले. मारा नदीकाठी ‘गव्हर्नर्स कॅम्प’ हा कायमचा तंबूंचा कॅम्प 1972 साली सुरू झाला. 1977 साली केनियाने शिकारीवर बंदी घातली आणि बंदुकीच्या छावण्या कॅमेऱ्याच्या झाल्या.

आता जमीन. मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र सुमारे 1,510 चौ.किमी.; सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान 14,763 चौ.किमी. दोघांच्या मध्ये कुंपण नाही. राखीव क्षेत्रात गाडीने वाट सोडायची नाही, अंधारात फिरायचे नाही, पायी चालायचे नाही, असे नियम आहेत. सेरेंगेटीतही साधारण तसेच. माऱ्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला मात्र मसाई या गुरेपाळ समाजातील कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी एकत्र करून ‘कॉन्झर्व्हन्सी’ उभ्या राहिल्या आहेत. ओल किन्येई (2005), ओलारे ओरोक (2006), मारा नॉर्थ (2009) आणि नाबोइशो (2010) ही त्यांतली ठळक नावे. पूर्वीची सामाईक कुरणे वाटून प्रत्येक कुटुंबाच्या नावावर तुकडे झाले, तेव्हा कुंपणे पडून जनावरांच्या वाटा तुटण्याची धास्ती होती. त्यावर तोडगा म्हणून मालकांनी जमीन कॅम्पवाल्यांना भाडेपट्ट्याने दिली. पाहुणे कमी आले तरी भाडे ठरल्याप्रमाणे द्यायचे, अमुक एकरांमागे एकच तंबू उभारायचा आणि मसाईंच्या गुरांनी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पट्ट्यात चरायचे, असा हा करार.

पाहुण्याच्या दृष्टीने फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो. कॉन्झर्व्हन्सीत तिथल्याच कॅम्पच्या गाड्या असतात. चित्ता दिसला तर वाट सोडून बेताने जवळ जाता येते, मसाई वाटाड्याबरोबर पायी हिंडता येते आणि रात्री दिवा घेऊन निघाले तर साळिंदर किंवा उडी ससा (स्प्रिंगहेअर) दिसण्याची आशा धरता येते. पण मारा नदी पार करणारे विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप पाहायचे तर राखीव क्षेत्रातच जावे लागते. त्याचे वेगळे तिकीट काढावे लागते आणि काही कॅम्पांपासून नदी दीड-दोन तासांवर असते. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात जाणाऱ्याने दोन रात्री नदीजवळ आणि दोन-तीन रात्री कॉन्झर्व्हन्सीत असा मुक्काम विभागलेला बरा. नदीकाठची गर्दी हा माऱ्याचा खरा दुखरा भाग आहे. कळप काठाशी येऊन घुटमळत असतो, पुढची मादी पाण्याचा वास घेत असते आणि तेवढ्यात कुणी तरी फोटोसाठी गाडी पुढे दामटतो. सगळा कळप धूळ उडवत माघारी फिरतो आणि पुन्हा यायला त्याला कधी कधी अख्खा दिवस लागतो. कळप पाण्यात उतरेपर्यंत गाडी काठापासून दूर उभी करण्याची शिस्त जो कॅम्प पाळतो, त्याला आपले पैसे द्यावेत, असे आवर्जून सांगावेसे वाटते. नदीच्या पश्चिमेकडील ‘मारा ट्रँगल’ हा सुमारे 510 चौ.किमी.चा भाग 2001 पासून एक ना-नफा संस्था सांभाळते आणि तिथली शिस्त चांगली मानली जाते.

महिन्याचा प्रश्न मराठी कुटुंबांसाठी अवघड आहे, कारण शाळांच्या सुट्ट्या आणि कळपांचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबरचे झेब्रे पावसामागे वर्षभर गोल फिरत असतात. जानेवारी ते मार्च ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला, नदुतूच्या आखूड गवतात असतात; फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत तिथे लाखो पिल्ले जन्मतात. मे-जूनमध्ये ते पश्चिमेकडून वर सरकतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या दोन्ही तीरांवर असतात. आपली मे महिन्याची सुट्टी नेमकी तिथल्या मोठ्या पावसात येते. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीत गाड्या रुततात आणि काही कॅम्प बंदच असतात. उरलेल्यांचे दर उतरतात, आकाश सुंदर असते, सिंह-बिबटे जागा सोडून कुठे जात नाहीत; पण नदीवरचे दृश्य मिळणार नाही, हे आधी माहीत असावे. दिवाळी ऑक्टोबरात आली तर परतणाऱ्या कळपांची शेपटी गाठता येते. नोव्हेंबरात आली तर छोटा पाऊस सुरू झालेला असतो. मे महिनाच हाती असेल, तर दक्षिणेकडे वळणे शहाणपणाचे.

तिथे, दक्षिण आफ्रिकेत, क्रूगर उद्यानाला लागून साबी सँड हे खासगी राखीव क्षेत्र आहे. दोघांमधले कुंपण 1993 साली काढले गेले. मे महिन्यात तिथे कोरडा मोसम लागलेला असतो, गवत विरळ होऊ लागते आणि बिबट्या दिसण्यासाठी ही जागा नावाजलेली आहे. गाडीच्या नाकाडावर बसवलेल्या खुर्चीत माग काढणारा बसतो. बोट्सवानातील ओकाव्हांगो त्रिभुज प्रदेश 2014 साली जागतिक वारसा यादीतील हजारावे स्थळ ठरला. अंगोलातल्या पावसाचे पाणी तिथे काही महिन्यांनी, कोरड्या मोसमात पोचते. थोडे पाहुणे आणि चढा दर हे तिथले सरकारी धोरणच असल्याने खर्च सर्वाधिक येतो. झांबियाच्या लुआंग्वा खोऱ्यात पायी सफारीची पद्धत नॉर्मन कार यांनी रुजवली. तिथले काही कॅम्प बोरू आणि गवताचे असतात, पावसाआधी मोडून दरवर्षी पुन्हा बांधले जातात. लहान मुले असतील आणि मलेरियाची भीती वाटत असेल, तर दक्षिण आफ्रिकेतील मलेरियामुक्त मादिक्वे विचारात घ्यावे.

तंबू हा शब्द ऐकून गिर्यारोहकांची राहुटी डोळ्यांसमोर आणू नये. लाकडी चौथऱ्यावर उभा कॅनव्हासचा दालनाएवढा तंबू, आत पूर्ण पलंग, मागच्या अंगाला कमोड आणि शॉवर असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. कायमच्या तंबूंखेरीज कळपांमागे जागा बदलणारे हंगामी कॅम्प असतात. सेरेंगेटीत ते वर्षाच्या सुरुवातीला दक्षिणेला आणि जुलैनंतर उत्तरेला लागतात. त्यांत नळ नसतो. संध्याकाळी सांगून ठेवले की कामगार चुलीवर तापवलेले पाणी आणतो, तंबूमागच्या खांबावरील बादलीत ओततो आणि दोरीने ती वर चढवतो. आपण आत साखळी ओढायची, अंग भिजवायचे, पाणी बंद करायचे, साबण लावायचा, पुन्हा साखळी ओढायची. बादलीने आंघोळ करत वाढलेल्या माणसाला ते पाणी पुरून उरते.

विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लगेच काळोख होतो. बहुतेक कॅम्पांना कुंपण नसते. अंधार पडल्यावर जेवणाच्या तंबूपर्यंतसुद्धा एकट्याने जायचे नसते. विजेरीने खूण केली की ‘अस्कारी’ म्हणजे पहारेकरी भाला किंवा काठी घेऊन न्यायला येतो. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच, त्यामुळे रात्री गार असतात आणि पांघरुणात शेकायची गरम पिशवी ठेवलेली असते. मध्यरात्री कापडाच्या पलीकडे, हातभर अंतरावर, गवत उपटल्याचा चरचर आवाज येतो : पाणघोडा चरत असतो. तरसाची चढत जाणारी हाक दूरवरून येते. हा आवाज ज्याला हवा, त्याच्यासाठी तंबू. ज्याला त्याने झोप लागणार नाही, ज्याचे गुडघे दुखतात, किंवा ज्याच्याबरोबर लहान मूल आहे, त्याने भिंतींचा लॉज घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. अनेक कॅम्प सहा वर्षांखालील मुलांना घेतच नाहीत. सकाळी साडेपाचला चहा-बिस्किटांचा ट्रे येतो. तो घेतल्यावर तंबूची चेन नीट ओढावी, नाहीतर माकडे आत शिरतात.

गाईडविषयी चौकशी करताना संकोच करू नये. केनियात सफारी गाईडांची व्यावसायिक संघटना परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे दर्जे देते. आपल्याला कोणत्या दर्जाचा गाईड मिळणार, हे आधी विचारता येते. काही चालक रेडिओवर ‘सिंबा’ (सिंह), ‘चुई’ (बिबट्या), ‘दुमा’ (चित्ता) ऐकले की तिकडे धाव घेतात आणि दिवसभर दुसऱ्यांनी शोधलेलेच दाखवतात. जाणता गाईड इंजिन बंद करून ऐकत बसतो. इंपाला हरणे सगळी एकाच दिशेला मान वळवून का उभी आहेत, हे तो आधी सांगतो, आणि मग खरोखरच झुडपातून शेपटी हलते. गाडीत माणसे किती बसवणार, प्रत्येकाला खिडकी मिळणार का, हेही ठरवून घ्यावे. मधल्या बाकावर बसून पाच दिवस काढणे फार निराशेचे असते.

दर माणशी एका रात्रीस काही शे डॉलरपासून दोन हजार डॉलरच्याही पुढे जातो. जेवणखाण आणि फेऱ्या बहुधा त्यातच येतात, पण प्रवेशशुल्क नेहमी येत नाही. 2024 पासून मसाई मारात परदेशी प्रौढ पाहुण्याला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर पडतात, तेव्हा हा आकडा वेगळा लिहून मागावा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून सुटणाऱ्या छोट्या विमानांत सामान साधारण 15 किलोच चालते, तेही मऊ बॅगेत. टणक सूटकेस त्या विमानाच्या पोटात मावत नाही. केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, त्यामुळे चिवडा-लाडू डब्यांत न्यावेत. निळे आणि काळे कपडे त्सेत्से माशीला आकर्षित करतात. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. केनियाहून परतताना तिचा दाखला नसेल तर भारतात विलगीकरणात राहावे लागू शकते. शाकाहारी जेवणाची अडचण केनियात वाटते तेवढी येत नाही. भारतीय वंशाची मोठी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहे आणि चपाती तर तिथल्या रोजच्या ताटात आहे. कांदा-लसूण चालत नसेल तर मात्र आरक्षणाच्या वेळीच कळवावे, कारण कॅम्पचा बाजारहाट नैरोबीहून होतो.

पैसा कुणाकडे जातो, हाही निवडीचा भाग आहे. केनियातील पर्यावरणपूरक पर्यटनाची एक संस्था कॅम्पांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी मानांकने देते. सांडपाणी, सरपण, सौरऊर्जा आणि स्थानिकांना मिळणारे काम त्यात तपासले जाते. कोरड्या माळावर प्रत्येक तंबूला स्वतंत्र जलतरण तलाव देणाऱ्या निवासाला ते पाणी कुठून आणता, असे विचारायला हवे. 2020 मध्ये महासाथीमुळे पाहुणे थांबले, तेव्हा कॉन्झर्व्हन्सींचे उत्पन्न आटले आणि अनेक जमीनमालकांना कमी भाड्यावर भागवावे लागले. तरी जमिनी मोठ्या प्रमाणावर शाबूत राहिल्या. उत्तरेकडे, केनियातल्याच लाइकिपिया भागात, डोंगरकडेवर, इल न्ग्वेसी हा लॉज 1996 साली सुरू झाला. तो पूर्णपणे तिथल्या मसाई समाजाच्या मालकीचा आहे. स्वयंपाकी, पहारेकरी, वाटाडे सगळे गावचे, आणि मिळकतीतून शाळेची व दवाखान्याची कामे होतात. काही खोल्यांतला पलंग चाकांवर असतो. रात्री तो ढकलत उघड्या सज्जात आणतात, मच्छरदाणी सोडतात, आणि खालच्या पाणवठ्यावर हत्ती येतात ते पडल्यापडल्या ऐकू येतात.