सुट्टीच्या दिवशी चालणारा कॉम्प्रेसर

भोसरी किंवा शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या मशीन शॉपमध्ये साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवायची, फक्त कॉम्प्रेसर सुरू करायचा आणि घड्याळ घेऊन त्याच्याजवळ उभं राहायचं. हवा वापरणारं एकही यंत्र चालू नाही. टाकीतला दाब ७.५ केजीला पोचला की कॉम्प्रेसर अनलोड होतो, म्हणजे मोटर फिरत राहते पण हवा भरणं थांबतं. (शॉपमध्ये ज्याला ‘केजी’ म्हणतात, तो दाब जवळपास एका बारइतकाच असतो.) थोड्या वेळात काटा ६.५ वर उतरतो आणि कॉम्प्रेसर पुन्हा लोड घेतो, म्हणजे हवा भरू लागतो. हवा कोणीच वापरत नसताना ती कमी होतेय, म्हणजे ती गळतेय.

किती गळतेय हे याच घड्याळावर कळतं. लोडचे आणि अनलोडचे सेकंद पाच-सहा फेऱ्यांसाठी लिहून सरासरी काढायची. समजा लोड ४० सेकंद आणि अनलोड ८० सेकंद आला. चाळीसला दोघांच्या बेरजेने, म्हणजे १२० ने भागलं की उत्तर एक तृतीयांश. कॉम्प्रेसर मिनिटाला १२० घनफूट हवा देणारा, म्हणजे १२० सीएफएमचा असेल, तर त्यातली ४० सीएफएम हवा गळतीत जाते. व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणाऱ्या ड्राइव्हवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला ही रीत लागू पडत नाही, कारण तो लोड-अनलोड न करता वेग बदलतो. तिथे दाब चढवून कॉम्प्रेसर बंद करायचा आणि काटा एक केजी खाली यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. टाकी आणि पाइप मिळून १,५०० लिटर असतील, तर एक केजी उतरणं म्हणजे साधारण १,५०० लिटर मोकळी हवा निघून जाणं. त्याला ८० सेकंद लागले तरी उत्तर तेच, ४० सीएफएम.

कारखान्यातली ऊर्जाबचत म्हटली की बोलणं सौर पॅनेलवर किंवा नव्या यंत्रांवर जातं. कमी पैशात सर्वात लवकर परतावा देणारी जागा मात्र बहुतेक वेळा हीच, कॉम्प्रेसर रूम. दाबाखालची हवा ही कारखान्यातली सर्वात महाग ऊर्जा आहे. हवा दाबली की तापते, ती उष्णता कूलरमधून बाहेर फेकावी लागते, आणि उरलेल्यातला वाटा पाइप, फिल्टर आणि होज खातात. कॉम्प्रेसरला दिलेल्या १०० युनिट विजेपैकी हत्याराच्या टोकाशी १० ते २० युनिटांइतकं काम मिळालं तरी बरं. ७ केजीवर ३ मिलिमीटरच्या एका भोकातून जाणारी हवा भरून काढायला सुमारे ३ किलोवॅट वीज लागते. तीन पाळ्यांत वर्षाचे ८,००० तास धरले तर २४,००० युनिट होतात. युनिटला ९ रुपये दराने ही रक्कम दोन लाखांच्या वर जाते, आणि भोक बुजवायला लागतो एक निपल आणि टेफ्लॉन टेप.

मोठी भोकं तशी क्वचितच असतात. ४० सीएफएम गळती म्हणजे १ मिलिमीटरच्या अठरा-वीस भोकांइतकी हवा, आणि ती शॉपभर विखुरलेली असते: क्विक कपलिंगचं झिजलेलं रबर, क्लिप सैल पडलेला होज, एफआरएल युनिटचा (हवा गाळून, दाब बेतून तेल मिसळणाऱ्या जोडणीचा) तडकलेला बाउल, तिरकी कापलेली पीयू (प्लास्टिकची) ट्यूब, विजेने उघडझाप होणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हचं सील, सिलिंडरच्या रॉडजवळची गळती. शोधायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. मोठ्या शॉपमध्ये अल्ट्रासॉनिक डिटेक्टर घ्यावा, कारण गळतीची शिट्टी ४० किलोहर्ट्झच्या आसपासही असते आणि मशीनच्या गोंगाटातही त्या यंत्राला ती वेगळी ऐकू येते. सापडलेल्या प्रत्येक जागी क्रमांकाचा टॅग लावायचा. टॅग नसेल तर फिटर समोर दिसेल ते दुरुस्त करतो आणि छताजवळचं राहून जातं.

एक गळती मात्र मुद्दाम ठेवलेली असते: टाकीचा किंवा हेडरचा (मुख्य पाइपचा) अर्धवट उघडा ड्रेन कॉक, म्हणजे साठलेलं पाणी सोडायची तोटी. ऑपरेटरला दोष देण्याआधी तो का उघडा आहे हे पाहावं. लाइनमध्ये पाणी येतं, व्हॉल्व्ह गंजतात, पेंट शॉपमध्ये रंगावर फोड येतात, म्हणून त्याने स्वतःपुरता उपाय शोधलेला असतो. कॉक बंद करण्याची सक्ती आठवडाभर टिकते. एअर ड्रायर नीट चालवला आणि पाणी साठल्यावरच उघडणारा, हवा न सोडणारा ऑटो ड्रेन बसवला, तर ही सवय आपोआप सुटते.

गळती बुजवली, तरी बिल का उतरत नाही?

अनेक मालकांचा ऊर्जाबचतीवरचा विश्वास इथेच उडतो. वरच्याच उदाहरणात ४० सीएफएमची गळती १२ वर आणली. २८ सीएफएम वाचले, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेचे २३ टक्के. लोडवर तो २५ किलोवॅट घेत असेल तर जवळपास ६ किलोवॅट वाचायला हवेत असा हिशेब मांडला जातो. पण अनलोडमध्येही स्क्रू कॉम्प्रेसरची मोटर फिरतच असते आणि ८ किलोवॅटच्या आसपास खात असते. गळती कमी झाल्याने कॉम्प्रेसर लोडमधून अनलोडमध्ये गेला, बंद झाला नाही. खरी बचत पंचवीस वजा आठ, म्हणजे १७ किलोवॅटच्या २३ टक्के, सुमारे ४ किलोवॅट. वर्षाला ६,००० तासांत ती २४,००० युनिट आणि सव्वादोन लाखांच्या जवळ जाते. दुरुस्तीवर ५० हजार गेले असे धरले तरी तीन महिन्यांत पैसे परत. ही बचत चांगलीच आहे, पण कागदावर सव्वातीन लाख दाखवून सव्वादोन मिळाले की मालकाला फसवल्यासारखं वाटतं आणि पुढच्या प्रस्तावाची फाइल तो उघडतच नाही.

उरलेला लाखभर मिळवायला वेगानुसार वीज घेणारा, म्हणजे व्हीएफडी कॉम्प्रेसर लागतो. तोही सरसकट नको. दिवसभर पूर्ण लोडवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला व्हीएफडी लावला तर ड्राइव्हमध्ये दोन-चार टक्के वीज उलट जास्तच जाते. दोन कॉम्प्रेसर असतील तर एक ठरावीक वेगाचा पूर्ण लोडवर ठेवायचा आणि चढउतार झेलायला एकच व्हीएफडीचा. व्हीएफडीचं पॅनेल धुळीच्या, तापलेल्या कोपऱ्यात ठेवलं तर त्यातले कपॅसिटर लवकर जातात. मग कोणीतरी बायपास करून जुन्या पद्धतीने यंत्र चालवतं आणि गुंतवणूक भिंतीवर टांगलेली राहते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी गळती, मग दाब, मग नवं यंत्र. दाब एक केजी कमी केला की कॉम्प्रेसरची वीज ६ ते ७ टक्क्यांनी उतरते आणि राहिलेली गळतीही कमी होते. तो एकदम खाली आणू नये. दिवसाला ०.२ केजीने उतरवत जावं आणि कुठलं यंत्र पहिलं तक्रार करतं ते पाहावं. बहुधा लाइनच्या टोकाचं एखादं फिक्स्चर (जॉब हवेच्या दाबाने पकडून ठेवणारी चौकट) पकड सोडतं. त्या एकासाठी सगळ्या शॉपचा दाब चढवून ठेवलेला असतो. त्याच्याजवळ छोटी टाकी बसवली किंवा अर्ध्या इंचाचा होज पाऊण इंचाचा केला, तर प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. कॉम्प्रेसर रूममधली गरम हवा डक्टने बाहेर काढणं हेही याच यादीत येतं, कारण आत घेतलेली हवा ४ अंशांनी तापली की वीज सुमारे एक टक्का वाढते. इतकं सगळं झाल्यावर कळतं, की जो ६० किलोवॅटचा कॉम्प्रेसर घ्यायचा विचार होता, तिथे ४५ पुरतो. आधी यंत्र घेतलं असतं तर गळतीसकट क्षमता विकत घेतली असती.

मोटरची कथा

कारखान्यातली बहुतेक वीज मोटरमधून जाते, म्हणून दुसरा नंबर तिचा. १५ किलोवॅटची चार पोलची जुनी आयई१ मोटर नवी असताना ८८.७ टक्के कार्यक्षम असते, आयई३ मोटर ९२.१ टक्के. (आयई हे मोटरच्या कार्यक्षमतेचे वर्ग; आकडा मोठा तितकी मोटर चांगली.) जुनी दोन-तीनदा रिवाइंड झाली असेल तर आणखी एक-दोन टक्के गेलेले असतात, विशेषतः जुनं वाइंडिंग काढण्यासाठी मोटर टॉर्चने जाळली असेल तर, कारण त्या आचेने स्टॅम्पिंगमधलं, म्हणजे गाभ्याच्या पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशन खराब होतं. ७५ टक्के लोडवर, ६,००० तासांत या बदलाने साधारण साडेचार हजार युनिट, म्हणजे ४० हजार रुपये वाचतात. मोटर ७० हजारांची धरली तर पावणेदोन वर्षांत वसूल. जळलेली मोटर रिवाइंडला पाठवायची की नवी घ्यायची हे ठरवायची वेळ बहुधा रात्री, काम अडलेलं असताना येते, आणि तेव्हा रिवाइंडिंगच जिंकतं. म्हणून कोणती मोटर जळाली तर दुरुस्त न करता बदलायची, ही यादी आधीच करून मेंटेनन्सच्या भिंतीवर लावावी.

पंखा आणि पंपाच्या बाबतीत एक सापळा आहे. आयई३ मोटरची स्लिप, म्हणजे लोडवर वेगात पडणारी तूट कमी, म्हणून ती किंचित जोरात फिरते: जुनी मिनिटाला १,४५५ फेरे, तर नवी १,४७०. फरक एक टक्काच, पण पंखा-पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तीन टक्के जास्त. कार्यक्षमतेने जे दिलं त्यातलं बरंचसं वेगाने परत घेतलं. बेल्टवरच्या पंख्याची पुली त्या मानाने बदलली की बचत हाती राहते. पुलीचा खर्च क्षुल्लक आहे, पण तो कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

पैसा अडतो कुठे?

इतका परतावा असून गुंतवणूक होत नाही, याचं पहिलं कारण म्हणजे कारखान्याला महिन्याला एकच बिल येतं. कॉम्प्रेसरने किती खाल्ले, भट्टीने किती, हे त्यावर नसतं. कच्च्या मालाचा प्रत्येक किलो तोलून घेणारा मालक वीज मात्र ठोक भावात घेतो. म्हणून पहिला खर्च कॉम्प्रेसरच्या आणि मोठ्या यंत्रांच्या फीडरवर सब-मीटर बसवण्याचा करावा. तो काही हजारांत होतो.

मीटर येईपर्यंतही जुन्या बिलांतून बरंच कळतं. वर्षभराचे महिन्याचे युनिट आणि महिन्याचं उत्पादन आलेख कागदावर मांडा. समजा १०० टन काढले त्या महिन्यात २०,००० युनिट लागले आणि ६० टनांना १६,०००. ४० टनांमागे ४,००० युनिट, म्हणजे टनाला १००. मग १०० टनांना १०,००० पुरायला हवे होते. उरलेले १०,००० युनिट एकही टन न काढता जातात: गळती, रिकामे फिरणारे कॉम्प्रेसर आणि पंप, रात्रभर चालणारे ब्लोअर. ही रेघ शून्य उत्पादनाला जिथे अक्षाला छेदते तो आकडा पाहिला की बचतीला किती जागा आहे ते लगेच दिसतं. बचत सिद्ध करायलाही हीच रेघ लागते. ऑर्डर कमी झाल्या म्हणून बिल उतरलं तर श्रेय कोणाचं, यावरून ऊर्जासेवा कंपनी आणि कारखानदार यांच्यात वाद होतात. कंपनी स्वतःच्या पैशाने यंत्रं बसवणार आणि बचतीतला वाटा घेणार असेल, तर उत्पादनानुसार आधारभूत वापर कसा धरायचा हे यंत्र येण्याआधीच करारात लिहिलेलं हवं.

हिशेबातली नेहमीची चूक म्हणजे एकूण बिलाला युनिटने भागून मिळालेला दर वापरणं. त्यात डिमांड चार्ज, म्हणजे युनिटवर नव्हे तर कमाल मागणीवर लागणारा आकार मिसळलेला असतो आणि चार किलोवॅट वाचल्याने तो आपोआप कमी होत नाही. युनिटमागे बदलणारा भागच धरावा. आकडा लहान येईल, पण खरा येईल. दुसरी चूक उलट दिशेची आहे: दोन वर्षांत पैसे परत आले नाहीत तर प्रस्ताव नाकारायचा. तीन वर्षांत वसूल होणारं आणि दहा वर्षं टिकणारं यंत्र वर्षाला सुमारे ३१ टक्के परतावा देतं. ११ टक्क्यांनी कर्ज काढूनही ते घेण्याजोगं आहे.

मोठ्या उद्योगांसाठी ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ खाली २०१२ पासून ‘पॅट’ (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड) योजना आली. पहिल्या फेरीत सिमेंट, पोलाद, खत अशा ८ क्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना लक्ष्य दिलं गेलं. जास्त बचत करणाऱ्याला विकता येणारी प्रमाणपत्रं मिळाली, कमी करणाऱ्याला ती विकत घ्यावी लागली. लहान कारखाने तिच्या बाहेर राहिले. त्यांच्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने जुलै २०२५ मध्ये ‘अदिती’ नावाने ओळखली जाणारी योजना सुरू केली. १,००० कोटी रुपयांच्या या योजनेत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजावर ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत आहे, शिवाय गुंतवणुकीसाठीचं ऊर्जा-ऑडिट आणि प्रकल्प अहवाल यांना मदत. १० लाखांच्या कर्जावर ५ टक्के म्हणजे पहिल्या वर्षी ५० हजारांपर्यंत. राज्यात या कायद्याखालची नियुक्त संस्था महाऊर्जा आहे, चौकशी तिथून सुरू करता येते. अशा कुठल्याही योजनेत बँक आणि ऑडिटर दोघंही आधीच्या वापराची मोजणी मागतात. सब-मीटरची सहा महिन्यांची नोंद ज्याच्याकडे आहे, त्याचा अर्ज अडत नाही.

दुरुस्त केलेली गळती परत येते. होज बदलले जातात, नवी यंत्रं जोडली जातात, रबर सुकतं. म्हणून सुट्टीच्या दिवसाची ती मोजणी दर तीन महिन्यांनी करावी आणि लोडचे सेकंद, अनलोडचे सेकंद, तारीख कॉम्प्रेसर रूमच्या दारावर खडूने लिहावी. अनलोडचा आकडा मागच्यापेक्षा लहान दिसला, की फिटरने साबणाचं पाणी घेऊन निघायचं.