जिमी होगन

जिमी होगन (१६ ऑक्टोबर १८८२ – ३० जानेवारी १९७४) हा इंग्लंडचा फुटबॉलपटू, आणि त्याहून कितीतरी मोठा कोच. खेळाडू म्हणून ठीकठाक होता, इंग्लंडच्या नॅशनल टीममध्ये कधी आला नाही. पण ऑस्ट्रिया, हंगेरी, जर्मनी या देशांनी पुढे जो पासिंगचा फुटबॉल खेळून दाखवला त्याच्या मुळाशी जी मोजकी माणसं आहेत त्यात हा आहेच, आणि त्याच्या स्वतःच्या देशाला ते कळायला फार उशीर झाला.

जन्म लँकेशायरमधल्या नेल्सनचा, वाढला बर्नलीत. घर आयरिश कॅथलिक, मुलाने पाद्री व्हावं अशी वडिलांची इच्छा म्हणून मँचेस्टरला सेंट बीड्स कॉलेजात घातलं, पण पोराचं सगळं लक्ष फुटबॉलमध्ये. बर्नली, फुलहॅम, स्विंडन, बोल्टन असे क्लब झाले. बर्नलीत असताना एक चांगला चान्स होता आणि त्याचा शॉट बारवरून गेला, तेव्हा त्याने मॅनेजरला विचारलं की माझं नेमकं काय चुकलं, पाय कसा पडला, तोल गेला का? उत्तर मिळालं की मारत रहा, दहात एक गेला तरी पुष्कळ. होगनला हे पटलंच नाही. त्याला कारण हवं होतं, आणि माझ्या मते त्याचं कोचिंग तिथेच सुरू झालं. त्या काळी इंग्लंडच्या क्लबांत ट्रेनिंग म्हणजे मैदानाला चकरा मारणं, आठवडाभर बॉल कमी दिला की शनिवारच्या मॅचला खेळाडू बॉलसाठी भुकेला राहतो अशी पक्की समजूत होती.

फुलहॅमला मात्र त्याला छोट्या पासेसचा स्कॉटिश वळणाचा खेळ बघायला मिळाला आणि तोच डोक्यात बसला. पुढे बोल्टनबरोबर हॉलंडच्या दौऱ्यावर गेला, तिथे डॉर्ड्रेख्ट या क्लबला १०-० हरवलं, आणि यांना परत येऊन नीट शिकवायचं असं त्याने ठरवून टाकलं. १९१० मध्ये खरंच डॉर्ड्रेख्टचा कोच झाला, त्याच वर्षी एका मॅचसाठी डच नॅशनल टीमही त्याच्याकडे होती आणि तिने जर्मनीला २-१ हरवलं.

१९१२ ला ऑस्ट्रियन फुटबॉलचा कर्ताधर्ता ह्यूगो माइझलने त्याला व्हिएन्नाला बोलावलं. सुरुवातीला तिथल्या खेळाडूंना त्याचे धडे अगदीच बेसिक वाटले, मग दोघांनी बसून सगळी पद्धतच नव्याने ठरवली. सगळ्यात आधी बॉल कंट्रोल: बॉल थांबवणं, वळवणं, दोन्ही पायांनी पास, मग पुढचं सगळं.

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि शत्रू देशाचा नागरिक म्हणून त्याला व्हिएन्नात अटक झाली. बायको-मुलं पुढे इंग्लंडला परतली, तो अडकला. तिथल्या एका इंग्लिश व्यापारी कुटुंबाने आधार दिला, मग बुडापेस्टच्या एमटीके क्लबशी संबंधित बॅरन दिर्श्ताय यांनी त्याला तिकडे नेलं. पोलिसांत हजेरी लावायची आणि बाकी वेळ कोचिंग. बरेच सिनियर खेळाडू युद्धावर, म्हणून त्याने पोरं हेरली. ग्योर्ग ओर्थ आणि योझेफ ब्राउन ही दोन पोरं तर त्याला बागेत खेळताना दिसली, दोघंही पुढे हंगेरीकडून खेळले. त्याच्या हाताखाली एमटीकेने १९१६-१७ आणि १९१७-१८ ची लीग जिंकली, आणि नंतर १९२४-२५ पर्यंत एकही सीझन सोडला नाही. आधी तिथे स्कॉटलंडचा जॅकी रॉबर्टसन कोच होता, पासिंगचं बी त्याने पेरलेलं, हेही सांगायला हवं.

युद्ध संपल्यावर घरी परतला तेव्हा खिसा रिकामा. युद्धात नुकसान झालेल्या खेळाडूंसाठी फुटबॉल असोसिएशनचा निधी आहे असं ऐकून लंडनला गेला, तर त्याच्याच सांगण्याप्रमाणे सेक्रेटरीने त्याला खाकी मोज्यांचे तीन जोड दिले आणि आघाडीवरच्या पोरांना हेसुद्धा आनंदाने चालले असं सुनावलं. चार वर्षं शत्रूच्या देशात मजेत काढली असा संशय त्यामागे होता. हा अपमान त्याच्या मनातून कधीच गेला नाही, आणि जाण्यासारखा नव्हताही.

मग स्वित्झर्लंड. १९२४ च्या ऑलिम्पिकमध्ये स्विस टीम फायनलला पोचली (उरुग्वेकडून ०-३), तिच्या तयारीत होगनचा हात होता. नंतर परत बुडापेस्ट, मग जर्मनी, मग पुन्हा माइझलच्या मदतीला. ऑस्ट्रियाची ती ‘वुंडरटीम’ (म्हणजे चमत्कारी टीम) डिसेंबर १९३२ मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर इंग्लंडकडून ३-४ हरली, पण खेळ बघून इंग्लिश लोकही खूश झाले होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रियाला सिल्व्हर मिळालं तेव्हाही तो बरोबर होता.

मायदेशी फुलहॅमने १९३४ ला मॅनेजर केलं आणि तो हॉस्पिटलमध्ये असताना, सीझनही पूर्ण व्हायच्या आत काढून टाकलं, आमच्यासारख्या प्रोफेशनलना काय शिकवणार असं खेळाडूंचं म्हणणं. अ‍ॅस्टन व्हिलाला मात्र जमलं, १९३८ ला सेकंड डिव्हिजन जिंकून त्याने क्लब वर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ स्कॉटलंडच्या सेल्टिकलाही होता.

२५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं धुतलं. होगन तेव्हा व्हिलाच्या ज्युनियर पोरांना घेऊन प्रेक्षकांत बसला होता. मॅचनंतर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शांडोर बार्च यांनी सांगून टाकलं की आम्हाला फुटबॉलमधलं जे काही येतं ते होगनने शिकवलंय, कोच गुस्ताव शेबेशही तेच बोलले.

होगन बर्नलीतच वारला, वय ९१. जर्मन फुटबॉल संघटनेने त्याच्या मुलाला पत्र पाठवून त्याला आधुनिक जर्मन फुटबॉलचा जनक म्हटलं. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीने वर्ल्ड कप जिंकला, आणि कोच होता हेल्मुट श्योन, ज्याला ड्रेस्डनमध्ये तरुणपणी होगननेच शिकवलं होतं.